एकटीला जाऊ द्यायचं नाही

सर फार चांगलं शिकवायचे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतात, मग तुम्ही त्यांच्या केबिनमध्ये जातच कशाला होता? जात होतो, कारण वर्गात उभं कसं राहायचं, शेवटच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवायचा, फळ्यावर ओळ वाकडी न जाता कसं लिहायचं, हे त्यांच्याइतकं कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि सराव पाठांचे गुणही त्यांच्याच हातात होते.

मी चिखल्याची. बाबा मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली काम करायचे. आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. पदवी झाली, भंडाऱ्याला बी.एड.ला नंबर लागला, तेव्हा आईने आमच्या विहारात सगळ्यांना खीर वाटली. भंडाऱ्यात मी एका पेन्शनर काकांच्या घरी मागच्या बाजूची खोली घेतली. खोलीत माझ्यासोबत आमच्याच वर्गातली एक मुलगी होती. बावीस वर्षांची, वर्गात सगळ्यात लहान. तिचं गाव साकोलीच्या पलीकडे. जिल्हा फुटला तेव्हा ते गोंदियात गेलं, पण तिच्या बोलण्यात ‘आपला जिल्हा’ म्हणजे भंडाराच असायचा. घरी धानाची शेती, गावाच्या तलावाला लागून. बोलायची कमी, पण पाठ घेताना तिचा आवाज असा काही मोकळा व्हायचा की आम्ही एकमेकींकडे बघायचो.

तिसरी होती ती लग्न झालेली. सानगडीहून रोज एसटीने यायची आणि जायची. तीन वर्षांचा मुलगा सासूजवळ ठेवून शिकत होती. वयाने आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून सगळा वर्ग तिला ताई म्हणायचा. डब्यात नेहमी चारजणींना पुरेल इतकी भाजी आणायची आणि आपण मात्र मिरचीच्या ठेच्याबरोबर जेवायची.

पाठ घेण्याआधी त्याचं टाचण लिहून सरांकडून तपासून घ्यावं लागे. सर एकेकीला केबिनमध्ये बोलावत. दिवाळीच्या थोडं आधी माझी पाळी आली. त्यांनी टाचण वाचलं, दोन चुका दाखवल्या, आणि मग उठून माझ्या मागे आले.

“बेटा, तुझा आवाज गळ्यातून येतो. श्वास इथून घ्यायचा,” असं म्हणून त्यांनी माझ्या बरगडीखाली हात ठेवला. “घे. अजून खोल.”

मी श्वास घेतला. हात तिथून हलला नाही. मग हलला, पण बाजूला झाला नाही. मला आठवतं ते एवढंच की मी समोरच्या भिंतीवरचा नकाशा वाचत होते. एकेका जिल्ह्याचं नाव, मनातल्या मनात.

तेवढ्यात दार उघडलं. ताई. हातात डस्टर.

“सर, रंगीत खडू पाहिजे होता.”

“नंतर ये.”

“हो सर. हिचं झालं का सोबतच जातो,” असं म्हणून ताई सरळ खुर्चीवर बसली. डस्टर मांडीवर ठेवलं. सर परत टेबलाच्या पलीकडे गेले आणि माझ्या टाचणावर सही केली.

बाहेर नळावर मी तोंडावर पाणी मारत राहिले. ताई बाजूला उभी होती. मी नळ बंद केला तेव्हा म्हणाली, “मी तुले काही विचारत नाही. तुले सांगावंसं वाटलं त सांग, नाही त नको सांगू. पण उद्यापासून कोणी एकटी जाणार नाही.”

“तुले कसं समजलं?”

“माझ्यावेळी कोणी आलं नव्हतं,” ती म्हणाली. आणि डबा खायला बोलावलं.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. आम्ही सभा घेतली नाही, कुणाला जमवलं नाही. ज्या मुलीला बोलावणं येई तिच्यासोबत एक जण दारापर्यंत जाई. आत बसू दिलं तर बसायचं. बाहेर काढलं तर थोड्या वेळाने दार वाजवायचं. कधी खडू, कधी तक्ता, कधी “सर, ऑफिसमधून बोलावणं आलं,” कधी “हिच्या घरचा फोन आला.” ताई म्हणायची, भांडायचं नाही, काही बोलायचंही नाही, फक्त मधात जाऊन उभं राहायचं. आपण आहो, एवढं त्या माणसाला दिसलं पाहिजे.

आणि ते चालायचं, हे मी शपथेवर सांगते. दार वाजलं की सरांचा आवाज बदलायचा. एक मुलगी बाहेर आली की माझा हात इतका घट्ट धरायची की माझ्याच बांगड्यांचे वळ मनगटावर उठायचे. कॅन्टीनपर्यंत हात सोडायची नाही. काहीजणींना यात गंमतही वाटायला लागली होती. आज काय कारण सांगायचं यावर हसायच्या. ताई हसायची नाही.

वर्गातल्या एका मुलाला मी एकदा बाजूला घेऊन सांगितलं. वाटलं, एखादा मुलगा मधून मधून आत गेला तर बरं होईल. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुमी म्हणता ते खरं असंल. मी नाही म्हणत नाही. पण सरायच्या भानगडीत मले नका वढू. मले नोकरीसाठी त्यायची चिठ्ठी पाहिजे.” नंतर तो मला टाळायला लागला.

माझ्या खोलीतल्या मुलीला मात्र हे पटत नव्हतं. “सर तसे नाही,” ती म्हणायची. “मले तर ते पोरीसारखं वागवते. तुमी दोघी उगाच संशय घेता.” तरी ताईच्या शब्दाबाहेर ती नव्हती. बोलावणं आलं की मला सांगायची, मी जायचे.

तो शनिवार होता. शनिवारी शाळा सकाळची. माझा पाठ गावातल्या एका शाळेत, तिचा पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत. ताईच्या मुलाला ताप होता म्हणून ती आलीच नव्हती. दुपारी मी खोलीवर आले तर खोलीतली मुलगी बाहेर पायरीवर बसलेली. दाराला कुलूप तसंच.

“किल्ली हरवली का वं?”

तिने मूठ उघडली. किल्ली तिच्याजवळच होती.

मी दार उघडलं, तिला आत नेलं, पाणी दिलं. ते तिने हातात धरून ठेवलं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा ती बोलली. सर पाठ बघायला आले होते. पाठ छान झाला म्हणाले. मुलं घरी गेली, शिक्षकही गेले. सर म्हणाले, थांब, चुका सांगतो, मग गाडीवर सोडून देतो. वर्गाचं दार त्यांनी लोटून घेतलं. पुढचं तिने सांगितलं, पण ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे.

एक गोष्ट मात्र तिने दोनदा सांगितली. “तिथले एक गुरुजी होते. खिडक्या लावाले आले होते. त्यायनं पाहिलं. माझ्याकडंच पाहिलं. मले वाटलं आता आवाज देतील.” मग म्हणाली, “त्यायनं खिडकी लावून घेतली.”

सोमवारी ताई आली. तिच्याजवळ बसली, तिच्या पायावर हात ठेवून बसूनच राहिली. मी म्हणाले, आपण पोलीस स्टेशनला जाऊ, आत्ताच. ताई माझ्यावर पहिल्यांदा चिडली. “कोणाचं आहे हे? तुझं का माझं? तिले विचार.”

तिला विचारलं. पोलीस नको म्हणाली. गावात कळलं तर बाबा तलावाकडे जातील आणि परत येणार नाहीत, असं म्हणाली. पण कॉलेजात तक्रार देईन. “दुसऱ्या कोणीवर नको यायले,” एवढंच तिचं म्हणणं होतं.

आधी आम्ही दोघी त्या गुरुजींच्या घरी गेलो. पितळी भांड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. अंगणात नळी घेऊन झाडांना पाणी घालत होते. बायकोने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा टाकते म्हणाली. ताईने आढेवेढे घेतले नाहीत. सरळ विचारलं, “गुरुजी, शनिवारी तुमी काय पाहिलं?”

पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं. “मी खिडक्या लावून राहिलो होतो,” ते म्हणाले. “मले वाटलं, सर तिले फळ्यावर लिहिणं शिकवून राहिले.”

“खरंच वाटलं?”

त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात, “बाई, माझ्या घरीही पोरी आहेत.”

“म्हणूनच आलो.”

“म्हणूनच नाही सांगू शकत,” ते म्हणाले. “संस्था एकच आहे दोघायची. माझी रिटायरमेंट जवळ आली. मी काही पाहिलं नाही.” चहा आला. ताई उठली. मीही उठले. त्यांची बायको कपबशा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

मग तिघी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी आमचं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. तेच अवघड होतं. ते म्हणाले, “मुलींनो, तुमच्या सुरक्षिततेची मलाही काळजी आहे. पण संस्थेच्या नावाचाही विचार करावा लागतो. तक्रार मागे घ्या असं मी म्हणत नाही. फक्त विचार करा म्हणतो.” मुलीने मान हलवून नाही म्हटलं. तिने तेवढं केलं. माझ्या मनात आजही तिच्याबद्दल सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे, तिने मान हलवली ती.

मग समिती बसली. महिलांच्या तक्रारींसाठी समिती असल्याचा बोर्ड ऑफिसच्या भिंतीवर होता, पण त्यातल्या एका मॅडमना आपण तिच्यात आहोत हे त्याच आठवड्यात कळलं, असं त्यांनीच हसून सांगितलं. त्यांनी मुलीला विचारलं, एकटी थांबलीस कशाला? ओरडली का नाहीस? सरांच्या गाडीवर याआधी कधी बसली होतीस का? मुलगी एकेका प्रश्नाला उत्तर देत होती आणि प्रत्येक उत्तरागणिक तिचा आवाज खाली जात होता. शेवटी तर ओठच हलत होते.

मला विचारलं, “चिखल्याची ना तू? तुमच्या समाजात जागृती जरा जास्तच असते. तक्रार कशी करायची ते तुम्हाला घरातूनच माहीत असतं, नाही का?”

मी म्हणाले, “हो मॅडम. घरातूनच शिकवतात.” एवढंच बोलता आलं.

आमची सगळी आशा वर्गातल्या मुलींवर होती. ज्यांच्यासाठी दार वाजवलं त्या सगळ्या तिथेच होत्या. समितीने एकेकीला बोलावलं. मी आणि ताई व्हरांड्यात बसलो होतो. दार नीट लागत नव्हतं, आतलं ऐकू येत होतं.

“तुझ्यासोबत सरांनी कधी गैरवर्तन केलं?”

“नाही मॅडम.”

“तुझ्यासोबत?”

“माझ्यासोबत तर काही झालं नाही.”

माझा हात धरून कॅन्टीनपर्यंत येणारी मुलगी आत गेली तेव्हा मी उभी राहिले. ती म्हणाली, “नाही मॅडम. काही व्हायच्या आधीच कोणी ना कोणी आत येऊनच जायचं.”

“म्हणजे तुमच्या मार्गदर्शनाच्या वेळी या दोघी मुद्दाम व्यत्यय आणायच्या?”

आत खुर्ची करकरली. मग, “हो. यायच्या.”

ताईने भिंतीला डोकं टेकलं. मला ते तिथे, त्या व्हरांड्यात समजलं. आम्ही दार वाजवलं म्हणून त्या मुलींसोबत काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून त्यांच्याजवळ सांगायला काही नव्हतं. त्या खोटं बोलत नव्हत्या, निदान सगळ्या तरी नाही. आणि आता त्या इतक्या महिन्यांच्या दार वाजवण्याचाच पुरावा आमच्याविरुद्ध झाला होता. सरांनी लेखी दिलं की दोन विद्यार्थिनींनी सुरुवातीपासून कट करून त्यांच्या कामात अडथळे आणले, आणि एका भोळ्या मुलीला पुढे केलं. भोळी हा शब्द त्यांनीच वापरला.

ताईने आपलं स्वतःचं सांगितलं. आपल्यावर कोणती वेळ आली होती ते. ते तिने आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. समितीतल्या मॅडम म्हणाल्या, “मग तेव्हाच का नाही सांगितलं?” आणि पुढची ओळ लिहायला लागल्या.

गैरसमजातून तक्रार झाली असं ठरलं. दोन्ही बाजूंना समज देण्यात आली.

मुलीचे बाबा तिला न्यायला आले. कुणी कळवलं ते आम्हाला माहीत नाही, आम्ही नव्हतं कळवलं. पांढरा शर्ट, धोतर, खांद्यावर दुपट्टा. खोलीत आले नाहीत. दाराबाहेर उकिडवे बसले. मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी मला विचारलं, “बाई, पोरगी परीक्षेले बसंल का?”

मी म्हणाले, “बसंल बाबा. मी सोबत राहीन. अभ्यास करवून घेईन.”

त्यांनी पाणी संपवलं, पेला पायरीवर ठेवला. मग तिची पेटी उचलून खांद्यावर घेतली. मुलगी मागे मागे गेली. ऑटोत बसताना माझ्याकडे पाहिलं. ऑटो वळणावरून गेला तेव्हा पेन्शनर काका गेटजवळ उभे होते. मला म्हणाले, “पुढच्या महिन्यापासून दुसरी खोली पाहून घे.”

ती परीक्षेला बसली नाही. ताई अंतर्गत गुणांत नापास झाली. पुन्हा बसता आलं असतं, पण ते गुण पुन्हा त्याच माणसाच्या हातचे. घरी नवऱ्याने एवढंच विचारलं, “समितीपुढं तू काय सांगतलं?” तिने सांगितलं. त्यानंतर कॉलेजचा विषय त्या घरात निघाला नाही. मी पास झाले, जेमतेम. का झाले ते मला आजही कळत नाही. निरोप समारंभाला मुलींनी सरांना शाल दिली, त्यांच्याभोवती उभं राहून फोटो काढले. सरांनी भाषण केलं. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत व्यवस्थित पोचत होता.

एकदा उन्हाळ्यात मी आणि ताई त्या मुलीच्या गावी गेलो. तिचं लग्न झालं होतं. आई दारात भेटली. आत या म्हणाली नाही. “आता कायले आलात, बाई?” तिने विचारलं. रागाने नाही, खरंच समजत नसल्यासारखं. ताई म्हणाली, “कशी आहे ते पाहाले आलो.” आई म्हणाली, “सासरी आहे. बरी आहे. तुमी गेल्याचं मी सांगीन.” ‘आल्याचं’ नाही म्हणाली. आम्ही साकोलीपर्यंत उभ्याने आलो, बसमध्ये जागा नव्हती. सानगडीच्या फाट्यावर ताई उतरली. उतरताना म्हणाली, “मी त्या शनिवारी यायले पाहिजे होतं.” मी म्हणाले, पोराला ताप होता. तिने ऐकलं की नाही माहीत नाही, बस निघाली होती.

बऱ्याच वर्षांनी भंडाऱ्याच्या बसस्टँडवर मला आमच्या वर्गातली एक भेटली. तीच, हात घट्ट धरणारी. अंगाने भरली होती, हातात भाजीची पिशवी. मला बघून खरोखर आनंदली. कुठे असतेस, किती मुलं, शाळा कोणती, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, “माझ्या नणंदेचा नंबर लावून राहिलो बी.एड.ला. आपल्याच कॉलेजात. सरच प्राचार्य झाले आता, माहीत आहे ना? ओळख निघंल.”

मी म्हणाले, “तिला एकटीला केबिनमध्ये पाठवू नको.”

तिचा चेहरा जरा उतरला, मग पुन्हा पहिल्यासारखा झाला. “काय वं तू. किती जुनी गोष्ट. आता वय झालं त्यायचं.”

“नणंदेचा मोबाईल नंबर दे मला. मी बोलते तिच्याशी.”

“देते ना,” ती म्हणाली आणि पर्स उघडली. मग तुमसरची गाडी लागल्याचं सांगून घाईने निघाली. “फोन करते तुले,” म्हणाली. माझा नंबर तिने घेतला नव्हता.

कॉलेज सुरू झाल्यावर एका दुपारी मी सुट्टी टाकून तिथे गेले. आत जायला मन धजावलं नाही, म्हणून गेटबाहेर उभी राहिले. एकसारख्या साड्या नेसलेल्या मुली बाहेर येत होत्या, हातात गुंडाळलेले तक्ते. कुणाची नणंद कोणती, कसं ओळखणार? मी दोघींना थांबवलं. म्हणाले, “मी इथली जुनी विद्यार्थिनी. तुम्हाला एक सांगायचं होतं. कुणालाही एकटीला केबिनमध्ये जाऊ देऊ नका. एकमेकींसोबत जात जा.”

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, “कोणाच्या केबिनमध्ये, मॅडम?”

मी नाव घेतलं. दुसरीने माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या चपलांकडे, हातातल्या पिशवीकडे. वॉचमन खुर्चीवरून उठला होता.

“हो मॅडम,” पहिली अदबीने म्हणाली. दोघी पुढे गेल्या. थोडं गेल्यावर एकीने दुसरीच्या कानात काही सांगितलं, दोघी हसल्या, आणि रस्ता ओलांडून ऑटोत बसल्या.